केसीएसएचा म्युटंट: टेट्रामर जुळतच नाही, की जेलवर सुटतो?

निपाणी_बायोकेम:
ई. कोलाय या जिवाणूत केसीएसए हे पोटॅशियम चॅनेल (चार सारख्या सबयुनिटांचा टेट्रामर) बनवून काढतोय. मूळ प्रथिनाचा पट्टा न उकळता ६५–७० किलोडाल्टनला येतो, उकळल्यावर १८ च्या आसपास. म्युटंट (बदल केलेलं रूप) मात्र न उकळताही १८ लाच. टेट्रामर जुळत नाही असं लिहू का? दोन्ही एकाच पेशीत घेतले तर म्युटंट मूळच्याला बिघडवतो का, हे कसं बघायचं? बेळगावच्या लॅबमध्ये जेल, निकेल कॉलम, अल्ट्रासेंट्रिफ्यूज आहे. जेल फिल्ट्रेशन (आकारानुसार प्रथिनं वेगळी करणं) नाही.

मार्कंडेय_काठ:
इतक्यात लिहू नका. त्या जेलवरून एवढंच कळतं की टेट्रामर एसडीएसपुढे (जेलच्या नमुन्यातलं, प्रथिनं उलगडणारं डिटर्जंट) टिकला नाही. पेशीच्या पडद्यात नीट जुळलेला, पण सहज सुटणारा टेट्रामरही असाच दिसेल.

आधी प्रथिन पडद्यात गेलंय का बघा. १०,००० जी ला खडूसारखा पांढरा गाळ बसला आणि प्रथिन त्यातच सापडलं, तर त्या इन्क्लुजन बॉडी, म्हणजे नीट घडी न पडलेल्या प्रथिनाचे गोळे. जुळणीचा प्रश्नच नाही. पडदा १,००,००० जी ला तासाभराने बसतो, पिवळसर, काचेसारखा अर्धपारदर्शक.

मग एसडीएस घालायच्या आधी सबयुनिट एकमेकांना बांधा. डीडीएम या सौम्य डिटर्जंटमधल्या प्रथिनात ०.१ टक्का ग्लुटाराल्डिहाइड (शेजारची सबयुनिट जोडणारं रसायन), ५, १० आणि २० मिनिटं, आणि शेवटी १०० मिलिमोलर ट्रिसने थांबवा. मूळ बफर हेपीस किंवा फॉस्फेटच हवं. ट्रिसमध्ये केलंत तर ग्लुटाराल्डिहाइड ट्रिसच्या अमिनो गटांवरच खर्च होतं आणि उत्तर खोटं येतं. १८, ३६, ५४, ७२ अशी शिडी दिसली तर सबयुनिट शेजारी होते. मूळ प्रथिनही शेजारच्या लेनमध्ये चालवा.

केसीएसएचा टेट्रामर पोटॅशियममुळे घट्ट राहतो, पण १५० मिलिमोलर केसीएलमध्ये एसडीएस पडलं की नासलेल्या दुधासारखा पांढरा साका होतो. तो प्रथिनाचा नसतो, पोटॅशियम डोडेसिल सल्फेटचा असतो, आणि त्याने लेन फाटते. जेलच्या नमुन्यासाठी सोडियम क्लोराइड १५० आणि केसीएल ५ ठेवा.

घटप्रभा_७:
दुसऱ्या प्रश्नाचं. मूळवर हिस टॅग (निकेलला धरणारी शेपटी), म्युटंटवर स्ट्रेप टॅग (निकेलला न धरणारी वेगळी शेपटी), जनुक वाहणारी प्लास्मिड दोन: एक पीबीआर३२२ ओरिजिनचं, दुसरं पी१५ए चं, म्हणजे दोन्ही एकाच पेशीत टिकतात. निकेलवरून उतरलेल्या प्रथिनात स्ट्रेप टॅग दिसला तर मिश्र टेट्रामर बनतात.

गणित सोपं आहे. दोन्ही सारखे बनले आणि भेदभाव न करता जुळले, तर चारही मूळ असलेले टेट्रामर १६ पैकी १, म्हणजे ६.२५ टक्के. पण प्लास्मिडच्या प्रती सारख्या नसतात. मूळ ८० टक्के असेल तर तेच ४१ टक्क्यांवर जातं. म्हणून प्रमाण गृहीत धरू नका, उकळलेल्या पडद्याच्या नमुन्यावर दोन्ही टॅगचे ब्लॉट (अँटिबॉडीने पट्टा ओळखणं) करून मोजा. दोन अँटिबॉडींची संवेदनशीलता वेगळी असते, तेव्हा दोन्हींचं शुद्ध प्रथिन मापून शेजारी लावा. म्युटंट कमी दिसला तर बनला कमी की तुटला जास्त, हेही तपासा. एकट्या पडलेल्या काही पडदा-प्रथिनांना एफटीएसएच हे प्रथिनं तोडणारं प्रोटिएज खाऊन टाकतं, उदाहरणार्थ सेकवाय.

एक कंट्रोल मात्र चुकवू नका: मूळ आणि म्युटंट वेगवेगळ्या पेशींत वाढवा, पेलेट (सेंट्रिफ्यूजने तळाशी बसलेल्या पेशी) एकत्र करून मग फोडा. इथेही स्ट्रेप टॅग निकेलवर आला, तर मिश्रण पेशीत न होता डिटर्जंटमध्ये झालंय, नाहीतर कॉलमला नुसतं चिकटलंय.

निपाणी_बायोकेम:
पेलेट एकत्र करायचं लक्षातच आलं नव्हतं. पेशी १८ अंशांवर रात्रभर ठेवतो, पण पावसाळ्यात करंट गेला की शेकर थांबतो.

घटप्रभा_७:
मग २५ अंशांवर चार-पाच तास, ०.२ मिलिमोलर आयपीटीजी (प्रथिन बनवणं सुरू करणारं रसायन), दिवसाच उरका. थांबलेल्या शेकरमध्ये हवा पोचत नाही आणि दोन फ्लास्कांची तुलना बिघडते. मूळ, म्युटंट आणि दोन्ही मिळून, असे तिन्ही एकाच दिवशी लावा.