गुलाबावरील हिरवट आणि जरबेरावरील लाल कोळी : एकच जात की दोन?

प्रश्न
आमच्या पॉलिहाऊसमध्ये गुलाबाच्या पानांखाली पिवळसर हिरवे, दोन्ही बाजूंना गडद डाग असलेले अगदी बारीक कोळी (माइट; घरात जाळे विणणारा नेहमीचा कोळी नव्हे) आहेत, तर शेजारच्या जरबेरावरचे कोळी लाल आहेत. जाळी दोन्हीकडे आहे. मागच्या फवारणीने गुलाब सावरला, जरबेरा मात्र नाही. या जाती वेगळ्या आहेत का आणि हातातल्या भिंगाने ते ठरवता येईल का?

प्रतिसाद १
केवळ रंगावरून जात ठरवू नये. दोन ठिपक्यांच्या कोळ्याचे, म्हणजे टेट्रानिकस अर्टिसीचे, हिरवे आणि लाल अशी दोन्ही रूपे आढळतात. लाल रूपाला पूर्वी सिन्नाबॅरिनस ही स्वतंत्र जात मानत, पण आता अनेक वर्गीकरणतज्ज्ञ ते याच जातीत धरतात. टेट्रानिकस लुडेनी या वेगळ्या जातीची मादीही गडद लाल असते, परंतु तिच्या अंगावर ठळक डाग नसतात. त्यामुळे जरबेरावरील माद्यांना डाग आहेत का, हे भिंगातून आधी पाहावे. तरीही हा अंदाजच राहील, कारण खात्रीची ओळख नराच्या जननेंद्रियाच्या टोकाच्या आकारावरून होते आणि त्यासाठी नर काचपट्टीवर कुशीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. नमुना पाठवताना मादीपेक्षा लहान, मागे निमुळते होत गेलेले नर आवर्जून घ्यावेत आणि दोन पिकांचे नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये वेगवेगळ्या कुपींत ठेवावेत.

प्रतिसाद २
फवारणीतला फरक जातीमुळेच पडला असे मी लगेच मानणार नाही. जरबेराची पाने जमिनीलगत पसरतात आणि त्यांची खालची बाजू लवदार असते, त्यामुळे औषध तिथे नीट पोहोचत नाही. शिवाय अर्टिसी औषधांना फार लवकर दाद देईनासा होतो, म्हणून तोच रासायनिक गट पुन्हा वापरणे टाळावे.
लाल दिसणारा प्रत्येक कोळी कीडच असतो असेही नाही. निओसेयुलस लाँगिस्पायनोसस हा आपल्याकडे आढळणारा भक्षक कोळी किडीवर पोसला की तांबूस दिसतो. तो पानावर चपळाईने धावतो आणि त्याची अंडी लांबट असतात, तर किडीची अंडी गोल असतात. तो मोठ्या संख्येने असेल, तर सरसकट फवारणीने आपण आपलाच राखणदार मारू.

प्रश्नकर्ता
जरबेरावरील माद्यांना पुसट डाग आहेत आणि अंडी सगळी गोल आहेत. दोन्ही पिकांवरचे नर वेगळे गोळा करून कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे पाठवतो. तोवर जरबेराची जुनी, खालची पाने काढून टाकतो.