सिरीज बघून मेटॅलिका ऐकली तर काय गुन्हा केला?

बिघडलेला अँप (देवगड)

काल 'जुना स्पूल' यांनी लिहिलं की ज्यांना मेटॅलिका हा हेवी मेटल बँड वेब सिरीजमुळे कळला त्यांनी मेटॅलिकाचा टीशर्ट घालू नये, आणि सिनेमे, सिरीज, रील या तिघांनी मिळून रॉकची पार वाट लावली. खाली कमेंटच टाकणार होतो पण डोकं फिरलं आणि लांबलं, म्हणून वेगळा धागा.

साहेब, आपल्या कोकणात रॉक कधी कुणाला सरळ मार्गाने मिळालाय ते एकदा सांगा. माझ्याकडे आला तो मुंबईच्या मावसभावाकडून. गणपतीला यायचा तेव्हा बॅगेत फरसाण, अगरबत्त्या आणि दोन-चार कॅसेटी. त्यातली एक कुणाकडून तरी भरून घेतलेली, वर पेनाने फक्त 'इंग्लिश' एवढंच लिहिलेलं. बँड कुठला, गाणं कुठलं, कशाचा पत्ता नाही, तरी झिजेपर्यंत ऐकली. पुढे केबलवर एमटीव्ही दिसायला लागलं तेव्हा कळलं की तो किंचाळणारा बाबा म्हणजे डीप पर्पल बँडचा गायक गिलन. म्हणजे मला पण टीव्हीनेच शिकवलं की! मग आजच्या पोराला सिरीजने शिकवलं तर तो कमअस्सल कसा?

२०२२ ला स्ट्रेंजर थिंग्ज या वेब सिरीजच्या चौथ्या सीझनमुळे गायिका केट बुशचं १९८५ चं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं. आलं तेव्हा तिसऱ्यापर्यंतच पोचलेलं, बाकीचे दोन नंबर चढायला सदतीस वर्षं आणि एक सिरीज लागली. त्याच सीझनमध्ये मेटॅलिकाचं मास्टर ऑफ पपेट्स वाजलं, जुने लोक असेच चिडले, तर खुद्द मेटॅलिकाने सांगितलं की कालचा असो की चाळीस वर्षांचा, सगळे घरचेच. ज्यांचं गाणं त्यांना चालतंय, रत्नागिरीत बसून यांना चालत नाही.

जुना स्पूल (रत्नागिरी)

आमच्या नावाने धागा, आभारी आहे. तुम्ही कॅसेट झिजवलीत ना? हाच तर माझा मुद्दा आहे, तुम्हीच लिहून दिलात. ते मास्टर ऑफ पपेट्स साडेआठ मिनिटांचं आहे. सिरीजमध्ये कापलेला तुकडा, तोही वटवाघळांच्या गोंगाटात, आणि रीलमध्ये तर सोलो सुरू होतो तोवर संपतं. माझ्या भाच्याच्या टीशर्टवर त्याच नावाच्या अल्बमचं चित्र आहे. त्याला म्हटलं, आठ गाणी आहेत त्यातलं दुसरं एक सांग. तर मला विचारतो, मामा अल्बम म्हणजे फोटोंचा का?

आणि सिनेमांचं तर बोलूच नका. क्वीन बँडवरचा बोहेमियन ऱ्हॅप्सडी, २०१८ चा. त्यात बँड फुटलेला असतो, लाइव्ह एड या मदतनिधीच्या मोठ्या शोसाठी सगळे परत एकत्र येतात आणि त्याच्या आधी गायक फ्रेडी मर्क्युरी बाकीच्यांना आपल्याला एड्स झाल्याचं सांगतो. लाइव्ह एड १३ जुलै १९८५ ला झालं, आजाराचं निदान झालं १९८७ ला. आणि हा फुटलेला बँड खऱ्यात १९८४ ला अल्बम काढतो, मे १९८५ पर्यंत जपानात शो करतो! वुई विल रॉक यू १९७७ चं, तर सिनेमात ते फ्रेडीला मिशी आल्यावर बसवताना दाखवलंय. एवढं करून चार ऑस्कर, त्यातलं एक एडिटिंगचं. मी मुंबईच्या रंगभवनला आय-रॉक हा रॉकचा मेळा बघितलेला माणूस आहे, मला हे असलं गोड करून पाजू नका.

घाटावरचा पाव्हणा (कोल्हापूर)

फ्रेडी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, पहिला बँड हेक्टिक्स तिथेच काढला, हे कुणीच कसं सांगत नाही?

बिघडलेला अँप (देवगड)

पाचगणी तुमच्या घाटावर. तुम्हीच मिरवा.

चिपळूणची ताई

स्पूल दादा, तुमच्या तारखा बरोबर असतील. मी तो सिनेमा आईबरोबर बघितला. आईला इंग्रजी येत नाही, क्वीन माहीत नाही, शेवटच्या त्या स्टेजच्या भागात तिने पदर डोळ्याला लावला आणि आता भाजी निवडताना मला सांगते, त्या मिशीवाल्याचं लाव. तारखा मी तिला नंतर सांगितल्या, ती म्हणाली बरं, आता लाव.

आणि दुसरं. तुम्ही कालच्या पोस्टमध्ये लिहिलंत की ज्याच्या घरी कॅसेटी-सीड्यांचं कपाट नाही तो कसला फॅन. आमच्या घरी होतं कपाट. माझ्या दादाचं. जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात आलं ते माळ्याखालपर्यंत. आयर्न मेडन, फ्लॉइड, सगळं चिखलात. सीड्या धुवून दोरीवर वाळत घातल्या होत्या, शेजारचे म्हणाले हे काय खुळ्यासारखं, आधी तांदूळ बघा. एकही वाजली नाही. त्यानंतर मी जे ऐकते ते फोनवर, जाहिराती मध्ये येतात त्याच्यासकट. आता मी टीशर्ट घालू का काढून ठेवू?

जुना स्पूल (रत्नागिरी)

ताई, ते तुमच्यासाठी नव्हतं.

बिघडलेला अँप (देवगड)

मग कुणासाठी होतं? नावं द्या यादीत.

रेंज नाय (वेंगुर्ला)

तुम्ही ऑनलाइन बघता याचंच मला कौतुक वाटतंय. आमच्याकडे टॉवर घरातून दिसतो आणि लाइट गेली की टॉवर पण जातो. पावसात तर विचारू नका. कंपनीवाल्याला फोन लावला तर म्हणे तक्रार ॲपवर नोंदवा. ॲप उघडायला रेंज नको? केट बुश पहिल्या नंबरवर गेली हे मला बहुतेक दिवाळीत कळलं.

पेटीवाला (कणकवली)

सगळो धागो वाचलंय. पिक्चरान गाणा बिघाडला हेच्यात नवीन काय असा? आमच्या भजनाची काय दशा झाली ती बघा. डबलबारीक, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याक जावा, बुवा गजर धरता आणि चाल खंयची, तर परवाच्या पिक्चरची. पोरा शिट्ट्ये मारतत. आणि पखवाजाच्या बाजूक आता तो ऑक्टोपॅड, विजेवरचो ढोल. एक बुवा जीव तोडून अभंग म्हणता आणि मागसून ढिश्क्यांव ढिश्क्यांव. माझो बापूस रात्रभर फक्त पेटी, पखवाज आणि झांजेवर बारी जिंकान येय होतो. स्पूलभाऊ बरोबर बोलतत. मूळचा गेला, तुकडो ऱ्हवलो.

जुना स्पूल (रत्नागिरी)

निदान एकाला तरी कळलं.

बिघडलेला अँप (देवगड)

पेटीवाले बुवा, माफ करा, पण सिनेमाच्या चाली भजनात काल आल्या का? लहानपणी आमच्या वाडीत गौळण सुरू झाली की आम्ही पोरं पैजा लावायचो, हे कुठल्या पिक्चरचं. म्हातारी माणसं पुढे बसून मान डोलवायची, त्यांना ती चाल मूळची वाटायची कारण पिक्चर त्यांनी बघितलेलाच नसायचा! अभंग तोच राहिला ना? शब्द कुणी बदलले का?

पॅडवाला पोरगा (सावंतवाडी)

ढिश्क्यांव वाजवणारा मीच तो. म्हणजे तुमच्या बारीला नसेन पण असाच एक. काका एक सांगा, सावंतवाडीत ड्रमसेट कुठे शिकायचा? कोण शिकवतो? ड्रमसेट ठेवायला घरात जागा पाहिजे, वाजवला तर शेजारी भांडायला येणार. मला पहिला पॅड भजन मंडळाने हातात दिला. आजोबा पखवाज वाजवायचे, त्यांनी मांडीवर ताल धरायला शिकवलं आणि बाकीचं मी यूट्यूबवर स्लो करून करून शिकलो, मेटॅलिकाचा ड्रमर लार्स उलरिक पण आणि दुसरे पण. माझ्याकडे ना अल्बम ना कपाट. आणि हो, मेटॅलिका मला सिरीजमुळेच कळली. टीशर्ट पण आहे, सावंतवाडीच्या बाजारात घेतला, स्पेलिंग चुकलंय त्यावर. घालतो मी.

आणि तुम्ही लोक पखवाज पखवाज करता, तुमच्यातल्या कितीजणांची पोरं पखवाज शिकतात?

पेटीवाला (कणकवली)

झिला, जिभेक हाड ठेव. माझो झील पुण्याक कंपनीत असा, तो खंय पखवाज शिकतलो?

पॅडवाला पोरगा (सावंतवाडी)

तेच म्हणतोय मी.

पेटीवाला (कणकवली)

तुका एकताल-तीनताल तरी कळता काय? बटण दाबलंस की वाजता. म्हशीक पण शिकवलंय तर वाजयत.

बिघडलेला अँप (देवगड)

बुवा, पोरगा अठरा-वीस वर्षांचा असेल, जरा सांभाळून. तुम्ही बारीत समोरच्या बुवाला टोमणे मारता तसे इथे नको.

पेटीवाला (कणकवली)

बारीत टोमणे मारूकच व्हये, नायतर ती बारी कसली. आणि तेनाच सुरू केल्यान.

जुना स्पूल (रत्नागिरी)

रॉकचा धागा होता, भजनाची बारी झाली. असो. ताईंनी लिहिलं ते वाचून गप्प बसलो होतो, आणि पॅडवाल्या पोरा, स्लो करून ताल ऐकतोस म्हणजे निदान ऐकतोस तरी. तुला टीशर्ट माफ. भाच्याला नाही. पण त्या सिनेमाचं मी काय मागे घेत नाही, १९८७ म्हणजे १९८७.

चिपळूणची ताई

माफ! दादा, परवाने वाटायचं ऑफिस कुठे उघडलंत ते कळवा, आईसाठी पण एक अर्ज आहे.

पेटीवाला (कणकवली)

पॅडवाल्या, येवढी मस्ती असा तर आमच्या देवळात ये शिमग्यानंतर. पॅड घेवन ये. मी विलंबितातलो अभंग धरतंय, तुझा बटण थंय काय करता ता सगळ्यांका ऐकूक मिळांदे. जमला तर नारळ देतंय, नाय जमला तर पॅड हंयच ठेवन जायचो.

पॅडवाला पोरगा (सावंतवाडी)

येतो. पण तुम्ही पण मला साडेआठ मिनिटं द्यायची, मध्ये उठायचं नाही.

पेटीवाला (कणकवली)

साडेआठ? आमचो गजर अर्धो तास चलता. ये.

रेंज नाय (वेंगुर्ला)

दहानंतर स्पीकर बंद करतात, आधीच परवानगी काढून ठेवा. आणि कुणी तरी लाइव्ह करा, म्हणजे मला दिवाळीपर्यंत दिसेल.