मदत हवी आहे: सकाळी हवेचा एक काटा खाली, सोमवारी घाट आहे

स्टेअरिंगवाला (शुक्रवार, रात्री ९.४०)
नमस्कार मंडळी. नऊ वर्षं ट्रॅव्हलर चालवली, आता महिनाभर झाला मोठ्या बसवर आहे. ट्रॅव्हलरला ऑइल ब्रेक होता, इथे सगळं हवेवर. रात्री गाडी लावताना दोन्ही काटे ८ बारवर असतात, सकाळी बघतो तर एक ३ वर आलेला. स्टार्ट करून दहा मिनिटं ठेवली की परत भरतो. मालक म्हणतात सगळ्या गाड्यांचं असंच असतं, चालव. सोमवारी चाळीस माणसं घेऊन महाबळेश्वर आहे. काय करू? लवकर सांगा, मध्ये फक्त दोन दिवस आहेत.

पाना१७
कोणती गाडी? कोणता काटा, पुढचा की मागचा? लावताना हँडब्रेक ओढता ना? हवेतलं पाणी काढणारा ड्रायर फुस्स करतो का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

चाकोरी
आधी टायरची हवा बघा. डबल चाकात आतलं चाक कमी असलं तर घाटात गाडी एका बाजूला ओढते. मी दर सोमवारी गार टायरवर मोजतो, कधी त्रास नाही.

स्टेअरिंगवाला
चाकोरी दादा, टायरचा प्रश्न नाही, ब्रेकच्या टाकीतली हवा. पाना भाऊ, ४० सीटर, २०१७ ची, बीएस ४. कंपनीचं नाव लिहीत नाही, मालकांना आवडणार नाही. कुठला काटा कुठला ते मला माहीत नाही, एक पांढरा आणि एक लाल आहे. हँडब्रेक रोज ओढतो. ड्रायर ८ च्या थोडं वर गेला की फुस्स करतो.

लालपरी३२वर्षं
३२ वर्षं एसटीत स्टेअरिंग धरलं आहे मी, म्हणून सांगतो. रात्रीतून थोडी हवा उतरणं वेगळं आणि एका रात्रीत ८ ची ३ होणं वेगळं. तुझ्या मालकाला घाटात ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाहीये, तुला बसायचंय. आमच्या डेपोत सकाळी गाडी काढायच्या आधी टाकीचं पाणी सोडायचं आणि काटा बघायचा, त्याशिवाय फाटकाबाहेर जायचं नाही. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली, तेव्हा कुठली आली हवा आणि ड्रायर. पण चालक गाडी तपासूनच काढायचा.

लोकोशेड
घाबरू नका. रेल्वेत जॉर्ज वेस्टिंगहाऊसचा हवेचा ब्रेक १८६९ पासून आहे. त्याने पुढे सुधारणा अशी केली की पाइपातली हवा गेली की ब्रेक आपोआप लागतो. बसचंही तेच. हवा गेली तर गाडी जागची हलणार नाही, त्यामुळे धोका नाही.

पाना१७
लोकोशेड साहेब, इथे चूक होते आहे. बसमध्ये दोन कामं वेगळी आहेत. पायाचा ब्रेक हवा भरून लागतो, हवा नाही तर पाय नुसता खाली जाईल. हँडब्रेक मागच्या चाकाच्या बूस्टरमधल्या (ब्रेक लावणारा हवेचा डबा) स्प्रिंगचा, तो हवा गेल्यावर लागतो. हवा हळूहळू कमी होत गेली तर पायाचा ब्रेक आधी मऊ पडतो आणि स्प्रिंग नंतर पकडते. उतारावर चाळीस माणसं असताना मागची चाकं अशी अचानक पकडली तर गाडी आडवी होईल. धोका नाही असं लिहू नका, वाचणारा नवा चालक आहे.

लोकोशेड
बरोबर आहे, माझं वाक्य अर्धवट होतं. मूळ तत्त्व सांगायचं होतं.

जर्सीकर
मी न्यू जर्सीत शाळेची बस चालवते, मूळची सांगलीची. इथे एअर ब्रेकच्या गाडीचं लायसन्स घेताना तोंडी आणि हाताने चाचणी करून दाखवावी लागते, नाहीतर नापास. तुम्हाला उपयोग होईल म्हणून लिहिते. सपाट जागा, चाकांना ठोकळे. हवा पूर्ण भरायची, इंजिन बंद, चावी ऑन, हँडब्रेक सोडायचा. ब्रेकला पाय न लावता एक मिनिट काटा बघायचा. सिंगल, म्हणजे ट्रेलर नसलेल्या गाडीची हवा मिनिटाला २ पीएसआयपेक्षा (इकडचं दाबाचं माप) जास्त उतरता कामा नये. मग पाय पूर्ण दाबून धरायचा. पहिला झटका सोडून पुढच्या मिनिटात ३ पीएसआयपेक्षा जास्त नको. मग पाय दाब-सोड करत हवा उतरवायची. ६० च्या आसपास हवा कमी झाल्याचा बजर वाजला पाहिजे, आणि २० ते ४५ च्या मध्ये कधीतरी हँडब्रेकची गुंडी आपोआप बाहेर उडाली पाहिजे. हे आम्ही रोज सकाळी करतो, परीक्षेपुरतं नाही.

रानवाट
अमेरिकेचं इकडे कशाला? आपल्या गाड्यांना गुंडी नसते, दांडी असते. काटा बारमध्ये. आपले रस्ते वेगळे, लोड वेगळा.

जर्सीकर
रस्ते वेगळे आहेत, हवा तीच आहे. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. म्हणजे २ पीएसआय जेमतेम ०.१४ बार, ३ पीएसआय म्हणजे ०.२. काटा मिनिटात नजरेला हलताना दिसला तरी तुमच्या गाडीत गळती आहे. तुमच्या गाडीचे कंपनीचे आकडे पुस्तकात असतील तर ते धरा, पण चाचणीचा क्रम तोच ठेवा.

पाना१७
ताईंचा क्रम बरोबर आहे. आता स्टेअरिंगवाला, तुमच्या गाडीचं ऐका. तुम्ही रात्री हँडब्रेक ओढता, म्हणजे स्प्रिंगच्या बाजूची हवा तेव्हाच सुटलेली असते. तिथली गळती रात्री दिसणार नाही. पाय तर रात्री कुणीच दाबत नाही, म्हणजे बूस्टरचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) फाटला असला तरी तो रात्री गळणार नाही. मग सकाळी जो काटा पडतो त्याचं कारण टाकी, टाकीचा नळ, टाकीपासून पायाच्या ब्रेकखालच्या फूट व्हॉल्वपर्यंतचा पाइप, किंवा फूट व्हॉल्व स्वतः. एकच काटा पडतो, म्हणजे पुढचं आणि मागचं सर्किट (हवेची लाइन) वेगळं करणारा प्रोटेक्शन व्हॉल्व काम करतो आहे. शनिवारी साबणाचं पाणी घेऊन गाडीखाली जा, चाकांना दगड लावून. आणि ताईंची पाय दाबायची चाचणीही करा, ती रात्रीच्या गळतीत दिसत नाही. एक माणूस आत, एक मागच्या चाकाजवळ कान लावून. मागे डबल बूस्टर असतो, त्यातली स्प्रिंगची बाजू उघडायची नाही. ती स्प्रिंग माणूस मारते.

लालपरी३२वर्षं
आणि बजर वाजतो का ते बघ. बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हर कटकट नको म्हणून वायर काढून ठेवतात.

स्टेअरिंगवाला (शनिवार, दुपारी २.१५)
केलं. बारीकसारीक लिहितो, कारण मीच पहिल्यांदा बघितलं. भावाला आत बसवलं. साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीत भरून मागच्या टाक्यांवर मारलं. उजवीकडच्या टाकीच्या खाली जो कडीचा नळ आहे तिथे सुरुवातीला काहीच नाही, आणि मग अर्ध्या मिनिटाने बोराएवढा फुगा आला, फुटला, दुसरा आला. कडी ओढून धरली तर आधी नुसता फसफस आवाज, मग कॉफीसारखं तेलकट पाणी आलं, अर्धा पेला तरी असेल. तीन वेळा ओढून सोडली. त्यानंतर फुगे थांबले. बहुतेक नळाच्या सीटवर घाण बसली होती.
मग पाय दाबायची चाचणी. पांढरा काटा स्थिर. लाल ७.५ वरून एका मिनिटात ६.५ वर. डाव्या मागच्या चाकाजवळ पाय दाबला की सूं असा बारीक आवाज, सोडला की बंद. बूस्टरला खाली एक भोक आहे, तिथे हात धरला तर हवा लागते.
बजर वाजलाच नाही. लाल काटा २ वर आला तरी शांत.

पाना१७
लाल तुमचं मागचं सर्किट. पाय दाबल्यावरच भोकातून हवा, म्हणजे डाव्या मागच्या बूस्टरचा पुढचा, पायाच्या ब्रेकचा डायफ्राम गेलेला. एक बार म्हणजे ताईंच्या मर्यादेच्या पाचपट. ही गाडी सोमवारी घाटात न्यायची नाही. काम वर्कशॉपमध्येच करा. त्यांनी आधी स्प्रिंगचा बोल्ट लावून ती आवळून घेतली पाहिजे, मग पुढचा क्लॅम्प काढायचा. तेलकट पाणी येतंय म्हणजे हवा भरणारा कॉम्प्रेसर तेल मारतो आहे, ड्रायरचं काडतूस (आतला फिल्टर) किती जुनं आहे ते विचारा. बजरचा दाबाचा स्विच किंवा वायर, ते इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात करेल.

रानवाट
घाटात एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) लावून उतरलं की पायाचा ब्रेक लागतच नाही. मी पसरणी किती वेळा उतरलोय.

लालपरी३२वर्षं
रानवाट, असं नवीन पोराला सांगू नकोस. एक्झॉस्टने वेग राखता येतो, वळणावर समोरून टेम्पो आला तर थांबावं लागतं. पसरणीत वाईकडे उतरताना कुठे थांबावं लागेल ते सांगता येत नाही. स्टेअरिंगवाला, उतरायचा नियम लिहून घे: ज्या गिअरमध्ये चढलास त्याहून वरच्या गिअरमध्ये उतरायचं नाही. गिअर वरून लाव, अर्ध्यावर बदलायचा नाही, न्यूट्रल तर कधीच नाही.

जर्सीकर
आणि पाय सतत घासत ठेवू नका, ड्रम तापतो आणि ब्रेक मऊ पडतो. वेग ठरवा, समजा ३०. तिथे पोचलात की जोर देऊन दाबा, २२ च्या आसपास आणा, पूर्ण सोडा, परत ३० येऊ द्या. मात्र भराभर दाब-सोड करू नका, दरवेळी हवा खर्च होते आणि कॉम्प्रेसरला भरायला वेळ लागतो.

स्टेअरिंगवाला (रविवार, रात्री १०.०५)
मालकांना फोनवर चाचणीचा व्हिडिओ पाठवला, काटा पडताना आणि घड्याळ दोन्ही दिसतील असा. आधी "बघू मंगळवारी" म्हणाले. मी सांगितलं की मी या गाडीवर बसणार नाही, महाबळेश्वर दुसऱ्या गाडीने करा. दहा मिनिटांनी फोन आला. आज सकाळी डायफ्राम बदलला, मी उभा राहून बघितलं. जुना हातात घेतला तर कडेला दोन बोटं लांब चीर होती. बजरची वायर खरंच काढून टेप लावलेली होती, जोडली. आता ५ च्या खाली गेलं की वाजतो.
संध्याकाळी पुन्हा चाचणी केली. पाय दाबून धरल्यावर मिनिटभर दोन्ही काटे हलले नाहीत. रात्रीचं उद्या सकाळी कळेल.
एकच राहिलं. हँडब्रेक सोडून, इंजिन बंद ठेवून मागच्या दोन्ही बाजूंचा पुशरॉड (बूस्टरमधून निघणारा, ब्रेक लावणारा दांडा) हाताने ओढून बघितला. डावीकडे अर्धा इंच येतो, उजवीकडे सव्वा इंच. दोन्हीकडे ऑटो स्लॅक (ब्रेकची ढिलाई आपोआप काढणारा) आहे. उजवीकडचा नट हाताने आवळू का?

पाना१७
आवळू नका. ऑटो स्लॅकला हाताने आवळावं लागतं म्हणजे ते स्वतःचं काम करत नाही, किंवा लायनर (ड्रमवर घासणारं अस्तर), कॅमबुश, पिन असं ब्रेकमधलं काहीतरी झिजलंय. आवळलं तर दोन दिवस बरोबर दिसेल आणि परत ढिलं होईल.

जर्सीकर
इथे आम्हाला हाताने ओढून एक इंचाच्या वर आला की कळवायचं असंच शिकवलंय. सव्वा इंच असताना मी गाडी हलवणार नाही.

स्टेअरिंगवाला
मग सोमवार उद्याच आहे. वर्कशॉप आठला उघडतं, प्रवाशांना साडेसहाला बोलावलंय.

लालपरी३२वर्षं
आत्ताच मालकाला फोन लाव. दहा वाजून गेलेत तरी चालेल.

स्टेअरिंगवाला (रविवार, रात्री ११.२०)
बोललो. दुसरी गाडी साडेसातला देतात, प्रवाशांना मीच मेसेज टाकलेत. आमची गाडी सकाळी वर्कशॉपला. उजवा ड्रम काढताना मी तिथे नसेन, भाऊ जाईल. त्याला लायनरवर नक्की काय बघायला सांगू?