तुमच्या गल्लीतल्या झाडांवरून काही केलंय का?

आमच्या सोसायटीची मागची भिंत पोपडे धरून पडतेय आणि यंदा कमिटीनं (सूर्य कुठून उगवला माहीत नाही) ती रंगवायला हो म्हटलंय. माझी एकच अट, नेटवरची चेरी ब्लॉसम नको. कंपाउंडात आहे तेच काढायचं, म्हणजे ताम्हण, बहावा, दोन बुच आणि वॉचमनच्या केबिनमागचा उंबर. शेजारपाजारच्यांना घेऊन झाडांवरून तुम्ही काही केलं असेल, चित्र, कापड, रांगोळी, काहीही, तर लिहा ना. फसलेलंही चालेल.

*

भिंतीला हात लावायच्या आधी खोडांचे ठसे घ्या. पातळ कागद खोडाला चिकटवायचा आणि मेणाचा खडू आडवा धरून घासायचा, बस. आम्ही कोथरूडला पोरांना घेऊन केलं. कडुनिंबाच्या उभ्या भेगा झकास उठतात, बुचाची साल तर अजून खडबडीत, आणि पेरूवर जवळजवळ काहीच येत नाही, पोरं एकेका झाडाला हात लावून बघत सुटली. नंतर तेच ठसे मोठे करून भिंतीवर काढले. एक आजोबा रोज येऊन "बुच असा नसतो" म्हणायचे, शेवटी त्यांच्याच हातात ब्रश दिला.

*

मी यवतमाळची. होळीच्या आधी आमच्याकडे पळस असा फुलतो की काही विचारू नका, तर कॉलनीतल्या आम्ही बायांनी त्या रंगात दुपट्टे रंगवले. पडलेलीच फुलं वेचायची, फांद्या ओरबाडायच्या नाहीत हे आधीच ठरवून टाकलं होतं. फुलं उकळली की पिवळा-केशरी रंग सुटतो, पण सुती कापडावर तो नुसता टिकत नाही, दोन धुण्यांत गेला. आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवायचं, मग तुरटीचं पाणी, आणि मग रंग. भांडं स्टीलचंच घ्या! एकीनं घरची लोखंडी कढई आणली, हिरडा न् लोखंड भेटलं की काळपट होते, तिचा दुपट्टा शेवाळी-राखाडी निघाला. आणि सगळ्यांना नेमका तोच पाहिजे, भांडणंच व्हायची बाकी होती.

*

काहीही करा पण खोडं रंगवू नका प्लीज. आमच्याकडे एका मंडळानं रस्त्यावरच्या झाडांना ऑइलपेंटनं डोळे, ओठ, मिशा काढल्या, वर लाइटच्या माळा खिळ्यांनी ठोकल्या. सालीला बारीक छिद्रं असतात, त्यातून हवा आत-बाहेर होते, ऑइलपेंटनं ती बुजतात. गेरू-चुना वेगळा, तो पावसात जातो. भिंती काय कमी आहेत का गावात?

*

गोव्यात आम्ही याला प्रोजेक्टबिजेक्ट म्हणत नाही, चवथीला माटोळी बांधतो. गणपतीच्या वर लाकडी चौकट, तिला रानातलं सगळं लटकवायचं, कांगलां, घागऱ्यो, सुपारीचे कातरे, नारळाची पेंड (दोन्ही म्हणजे घड), आंब्याचे टाळे, आणि बांधायला केवणीच्या सालीचा दोर. सरकारचं कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धासुद्धा घेतं, हौशी लोक तर फळं-बिया रचून देवदेवतांचे आकार उभे करतात, बघत राहावं. पण आता बरेच जण बाजारातून तयार जुड्या आणतात आणि मुलांना अर्धी नावं येत नाहीत. म्हणून आमच्या वाड्यावर मुलांना एका आजीबरोबर रानात पाठवलं, प्रत्येकानं आणलेल्या वस्तूचं चित्र काढलं, नाव आजी सांगेल तेच. चवथीला ती चित्रं माटोळीशेजारच्या भिंतीवर लावली. येणारे जाणारे आरतीपेक्षा तिथंच जास्त वेळ उभे!

*

मेलबर्नहून. इथल्या महापालिकेनं झाडांना चक्क ईमेल आयडी दिलेत, मोडकी फांदी वगैरे कळवायला, तर लोक झाडांना प्रेमपत्रं लिहायला लागले. आमच्या मराठी वर्गातल्या मुलांनी तेच मराठीत केलं, पोस्टकार्डावर निलगिरीच्या पानाचा छाप आणि खाली पत्र. बाय द वे, निलगिरीच्या काही जातींची पानं लोकरीत गुंडाळून उकडली तर तुरटीशिवायही केशरी छाप उठतो.

*

भारी आहे हे सगळं. भिंत राहू दे, या रविवारी आधी ठसेच. यवतमाळच्या ताई, हिरडा अख्खा घ्यायचा की पूड, आणि किती?

*

पूड घ्या, काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. १०० ग्रॅम कापडाला १५-२० ग्रॅम पुरे. माझ्याकडे अर्धा किलो पडूनच आहे, पत्ता कळवा, कुरिअर करते.