वारसा टक्क्यांत मोजायचा का?

आडवाट

यंदा मी आणि माझ्या सख्ख्या भावाने एकाच कंपनीची ती वंशवाली डीएनए टेस्ट केली. नळीत थुंका, नळी पाकिटात, पाकीट पोस्टात, मग दीड महिना वाट बघा. आमच्या घरात सरमिसळ आहे हे कधी कुणी लपवलेलं नाही, आईची आई एका वंशाची, आईचे वडील दुसऱ्या, बाबांकडे तिसरंच काहीतरी. रिपोर्ट आला. आजीचा वंश भावात ३१ टक्के, माझ्यात १९. त्याने लगेच फॅमिली ग्रुपवर टाकलं, "आजीची खरी वारस कोण ते बघून घ्या."

मी पण हसले. पण रात्री झोप लागेना. कारण आजीची शेवटची दोन वर्षं तिच्या शेजारी मी झोपायचे, ती झोपेत तिच्या भाषेत बडबडायची, सकाळी मी तो शब्द जसा ऐकला तसा तिला म्हणून दाखवायचे आणि ती आधी लाजायची, मग अर्थ सांगायची. असे साठ-सत्तर शब्द माझ्याकडे आहेत. भावाकडे एक आहे आणि तो शिवी आहे. मग तो ३१ आणि मी १९ हा हिशोब कुठला?

पुढची गंमत म्हणजे चार महिन्यांनी कंपनीचा मेल, "तुमचा अंदाज आता अधिक अचूक केला आहे". भाऊ ३१ वरून २४, मी १९ वरून २२. म्हणजे आजी वारल्यानंतर पुन्हा थोडी इकडची तिकडे झाली!

माझं मत सरळ आहे. वारसा म्हणजे कुणी कुणाला काय हातात दिलं ते. टक्के ही लॉटरी आहे, तिला वारसा म्हणू नये. बोला.

---

शंकेखोर

लॉटरी म्हणालात ते बरोबर आहे पण ती कशी लागते ते सांगतो, नाहीतर लोक टेस्टच खोटी म्हणतील.

आईकडून प्रत्येकाला निम्मं मिळतं, हे पक्कं. पण त्या निम्म्यात आजीचं किती आणि आजोबांचं किती हे प्रत्येक मुलाच्या वेळी नव्याने पिसलं जातं. सरासरी २५-२५, पण १९ आणि ३१ अगदी होऊ शकतं. आणि तुमच्या भावाने आजी ३१ घेतली म्हणजे आजोबा १९ वरच अडकले, ते त्याने ग्रुपवर टाकलं का? सख्खी भावंडं एकमेकांशी बरोब्बर ५० टक्के जुळतात असा समज असतो, प्रत्यक्षात साधारण ३८ ते ६१ च्या मध्ये कुठेही.

मागे गेलं की अजून मजा. दहा पिढ्या मागे कागदावर १०२४ पूर्वज, त्यातल्या बऱ्याच जणांचा एक तुकडासुद्धा तुमच्यात नसतो. ते तुमचे पूर्वज आहेतच, फक्त डीएनएत नाहीत.

आणि टक्के बदलले ते रक्त बदललं म्हणून नाही. कंपनी तुमची तुलना आज जिवंत असलेल्या माणसांशी करते, ज्यांचे आजी-आजोबा सगळे एकाच भागातले आहेत असं त्यांनीच सांगितलेलं असतं. त्या यादीत नवी माणसं आली की तुमचा आकडा हलतो. मोठ्या खंडांच्या पातळीवर हे बऱ्यापैकी भरवशाचं, शेजारशेजारच्या दोन समाजांत फरक करायला गेलं की डुगडुगतं.

थोडक्यात, मोजमाप खोटं नाही, आपण त्याला जे विचारतोय ते चुकीचं आहे.

---

कोरा_कागद

धागा वाचून राग आला, तो जाईपर्यंत थांबलो आणि आता लिहितोय.

"कुणी कुणाला काय हातात दिलं तो वारसा." ठीक. मला कुणी काही दिलं नाही. मी दत्तक आहे. आईबाबा (माझे तेच) फार चांगले आहेत, पण मी त्यांच्यासारखा दिसत नाही आणि हे मला चौथीतल्या मुलांनी सांगितलं, घरच्यांनी नंतर. फाईलमध्ये जन्मदात्यांच्या रकान्यात एक आडवी रेघ आहे. रेघ. तुमच्या व्याख्येने माझा वारसा ती रेघ.

ही टेस्ट केली तेव्हा कळलं की माझ्यात दोन वंश जवळपास अर्धे-अर्धे आहेत. म्हणजे कुठलीतरी दोन माणसं वेगवेगळ्या वंशांची होती, भेटली, आणि मग काहीतरी झालं. एवढंच कळलं. पण मी तो रिपोर्ट लॅपटॉपवर उघडा ठेवून जमिनीवर बसलो होतो कितीतरी वेळ.

आणि हे माझ्या एकट्याचं नाही. अमेरिकेत गुलामगिरीतल्या बहुतेक कृष्णवर्णीयांची नावं जनगणनेत पहिल्यांदा आली ती १८७० साली. त्याआधीच्या १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव, मग वय, लिंग, रंग, आणि माणसाच्या नावाची जागाच नाही. वंशावळ शोधणारे त्याला "१८७० ची भिंत" म्हणतात. त्या भिंतीपलीकडे बघायचं तर डीएनए सोडून काय आहे हातात? ज्यांच्या आज्या शेजारी झोपल्या त्यांनी टक्क्यांना नावं ठेवावीत, परवडतं त्यांना.

---

स्पष्टवक्ता

एवढा भावनिक गोंधळ कशासाठी? सगळेच मिश्र आहेत. आफ्रिकेबाहेरच्या लोकांत साधारण २ टक्के निअँडरथलसुद्धा (नामशेष झालेली एक मानवप्रजात) आहे, ते शोधून काढणाऱ्या स्वांते पाबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं. जनुकशास्त्रज्ञ लेवाँटिनने १९७२ मध्येच दाखवलं की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकातला ८५ टक्के फरक एकाच समाजाच्या आत असतो, वंशावंशांत राहतो तो उरलेल्यातलाही थोडासाच. मग "मी अर्धा हा अर्धा तो" याला अर्थ काय राहतो. माणूस म्हणा आणि सोडा.

---

तिसरी_पिढी

@स्पष्टवक्ता, "सगळेच मिश्र" हे वाक्य बहुतेक त्याच लोकांकडून येतं ज्यांना "पण तू मूळची कुठली" हा प्रश्न दुसऱ्यांदा कधी कुणी विचारलेला नाही. पहिल्यांदा सगळ्यांनाच विचारतात हो. दुसऱ्यांदा, म्हणजे "नाही नाही, मूळची", तो.

जनुकशास्त्राला वंश दिसत नसेल, फॉर्मला दिसतो. दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येकावर एक शिक्का मारला, केसांत पेन्सिल खोचून बघायचे राहते की पडते, राहिली तर गोरा नाही. सँड्रा लेंग नावाच्या मुलीचे आईवडील दोघंही सरकारदरबारी गोरे, तिची त्वचा आणि केस वेगळे. १९६६ मध्ये दहा वर्षांची असताना तिला शाळेतून काढलं आणि कागदावर तिचा वंश बदलून "कलर्ड" (म्हणजे मिश्र वंशाची) केला, आणि पुढच्याच वर्षी नियम बदलल्यावर परत गोरी! एकच मुलगी, तेच रक्त, तेच आईवडील. तिला जाऊन सांगायचं का की लेवाँटिनने दाखवलंय काळजी करू नकोस? तो कायदा १९९१ मध्ये गेला.

माझं सांगते. मी बाबांवर अजिबात गेलेली नाही. लहानपणी विमानतळावर रांगेत उभे होतो, खिडकीमागच्या माणसाने माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि बाबांना बाजूला ठेवून खाली वाकून मला विचारलं, "हे तुझे कोण?" मी "बाबा" म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं. बाबांनी माझा हात धरला होता तो सोडला, मला वाटतं पकडलेला दिसू नये म्हणून. ते हात सोडणं मला अजून आठवतं. यात टक्के कुठे आले आणि निअँडरथल कुठे आला?

---

स्पष्टवक्ता

विमानतळाचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण त्यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो, शिक्के मारणं बंद करा. तुम्ही नवीन शिक्का मागताय, "मिश्र" नावाचा. अमेरिकेने २००० च्या जनगणनेपासून एकापेक्षा जास्त वंशांवर खूण करायला दिली. २०१० मध्ये तसे ९० लाख होते, २०२० मध्ये ३ कोटी ३८ लाख, म्हणजे १०.२ टक्के. दहा वर्षांत एवढी मुलं झाली? नाही. प्रश्न वेगळ्या पद्धतीने मांडला आणि उत्तरं वेगळ्या पद्धतीने नोंदवली म्हणून मुख्यतः आकडा फुगला, हे जनगणनावाल्यांनीच सांगितलंय. रकान्याने माणसं बनवली.

---

तिसरी_पिढी

बनवली नाहीत, दिसली. ती माणसं आधीपण होती, एकाच रकान्यात कोंबलेली. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात १९२४ च्या कायद्याने एक थेंब जरी काळं रक्त असलं तरी गोरा म्हणवून घ्यायची सोय ठेवली नव्हती आणि आंतरवंशीय लग्न गुन्हा होता, ती लग्नबंदी सुप्रीम कोर्टाने मोडली १९६७ मध्ये. म्हणजे ज्यांचं लग्नच गुन्हा होतं त्यांची मुलं मोजणार कोण?

आणि प्रत्येक जण दोन खुणा करतोच असंही नाही. ओबामांची आई गोरी, तरी २०१० ला राष्ट्राध्यक्ष असताना त्यांनी फॉर्मवर फक्त "कृष्णवर्णीय" वर खूण केली. उलट गोल्फपटू टायगर वुड्सने १९९७ मध्ये सांगितलं की त्याने स्वतःसाठी "कॅब्लिनेशियन" असा जोडशब्दच बनवलाय, कॉकेशियन (गोरा), ब्लॅक, इंडियन (म्हणजे अमेरिकेतला मूलनिवासी) आणि एशियन एकत्र करून. तेव्हा दोघांवरही टीका झाली. कसंही भरा, कुणीतरी चूक काढणारच.

---

रात्रपाळी

एक बाजू कुणी बोललंच नाही म्हणून पेन उचलतोय. तुम्ही सगळे "मी कोण" विचारताय. समोरचा समाज तुम्हाला आपलं म्हणतो का?

अमेरिकेच्या सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी २०१८ मध्ये टेस्ट जाहीर केली, सहा ते दहा पिढ्यांमागे एखादा मूलनिवासी पूर्वज असावा असं निघालं. आपण मूलनिवासी वंशाच्या आहोत या त्यांच्या दाव्यावर वाद चालू होता, त्यांना वाटलं तो मिटेल. चेरोकी नेशन या मूलनिवासी समाजाने उलट झापलं, की असल्या टेस्टने कोण आमचा नागरिक हे ठरत नाही. पुढे वॉरन यांनी माफी मागितली. चेरोकी नेशनचा नियम असा की शंभरेक वर्षांपूर्वी सरकारने केलेल्या डॉझ यादीत (समाजाच्या सदस्यांची नोंद) पूर्वजाचं नाव हवं, रक्त किती याला किमान मर्यादा नाही. नावाहो नेशन या दुसऱ्या मूलनिवासी समाजाचं बघा तर तिथे किमान पाव रक्त लागतं. आणि तो पाव कागदावरून मोजतात, थुंकीतून नाही. आता पाव असलेल्याने बाहेर लग्न केलं की मूल बाहेर. म्हणजे टक्केवारीने समाज स्वतःच स्वतःला कमी करत जातो.

म्हणून @आडवाट यांच्याशी अर्धा सहमत. पण साठ शब्द येतात म्हणून तुम्ही त्या समाजाच्या झालात का, हेही त्यांनाच विचारावं लागेल.

---

आडवाट

@रात्रपाळी हे लागलं. खरंय. आजीच्या माहेरच्यांनी तिचं लग्न झाल्यावर संबंध तोडले होते, मी तिथे जाऊन "मला साठ शब्द येतात" म्हटलं तर ते काय म्हणतील कुणास ठाऊक. मी समाजावर नाही, आजीवर हक्क सांगत होते, आणि लिहिताना दोन्ही एकच समजून बसले.

@कोरा_कागद, तुमची माफी मागते. मी लिहिलं तेव्हा ज्याच्याकडे आजीच नाही असा माणूस वाचेल हे डोक्यातच आलं नाही. "तिला वारसा म्हणू नये" हे वाक्य मागे. तरी एक विचारू का, राग येणार नसेल तर. टक्के कळल्याने जमिनीवर बसलात, की पुढे कुणी सापडलं?

---

कोरा_कागद

राग नाही. सापडलं. टक्क्यांच्या पानावर नाही, शेजारच्या पानावर, जुळणाऱ्या नातेवाइकांच्या यादीत. एक बाई, चुलत-मावस बहीण असावी इतपत जुळणारी. तिने पहिल्याच मेसेजमध्ये विचारलं, "तुम्हाला पण डाव्या हाताची करंगळी सरळ करता येत नाही का?" मला नाही येत. त्या यादीत तिने नाव चालू ठेवलं होतं म्हणून. टक्के गेले खड्ड्यात, तुमचं तेवढं खरं.

---

शंकेखोर

आनंद झाला वाचून, पण पाणी टाकणं माझं कामच आहे. ती यादी दोन्हीकडून उघडी असते. २०१८ मध्ये अमेरिकेतला 'गोल्डन स्टेट किलर' पकडला तो त्याच्या स्वतःच्या थुंकीवरून नाही, लांबच्या नातेवाइकांनी वंशावळीच्या साइटवर टाकलेल्या डीएनएवरून माग काढत गेले. तो पकडला हे उत्तमच, पण तत्त्व लक्षात घ्या, नळीत तुम्ही थुंकता आणि उघडे सगळे पडतात. ट्वेंटीथ्री अँड मी या डीएनए टेस्टच्या कंपनीतून २०२३ मध्ये साधारण ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली, आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, आजी बदलता येत नाही.

---

आडवाट

मी ती यादी पहिल्या दिवसापासून बंद ठेवली होती, अगदी याच भीतीने. काल रात्री कोरा_कागद यांची करंगळी वाचून चालू केली. आजीच्या माहेरचं कुणी तिकडून शोधत असेल तर निदान दार तरी दिसावं.

---

शंकेखोर

भावाला विचारलंत का? यादीत तुम्ही दिसलात की तोही अर्धामुर्धा दिसतो.

---

आडवाट

विचारलं. म्हणाला चालू ठेव, पण आता तो ३१ चा २४ झाल्यामुळे त्याचं मत धरायचं की नाही ते आधी ठरव. आणि कुणी सापडलंच तर तो एक शब्द त्यांना म्हणून दाखवायचा नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.