बुलेट ३५०ला लांब कनेक्टिंग रॉड टाकला तर खरंच ओढ वाढते का?

सक्करदरा_बुलेट:
बाबांची १९९४ची बुलेट आहे, कास्ट आयर्न इंजिन, बोअर (सिलिंडरची रुंदी) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ९० मिमी. चार महिन्यांपासून खालून ठकठक करून राहिली होती, शेवटी बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग, गेला. इंजिन मिस्त्रीकडे उघडून पडलंय. ते म्हणतात, दुसऱ्या गाडीचा लांब रॉड (पिस्टनला फिरत्या क्रँकशी जोडणारा दांडा) टाकू, बॅरलखाली (सिलिंडरखाली) पॅकिंग प्लेट देऊ, टॉर्क (ओढ) वाढेल. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना मित्राची केटीएम ३९० ड्यूक पुढे निघून गेली, तेव्हापासून मलाही काहीतरी करावंसं वाटतं. पण ड्यूकचा स्ट्रोक तर फक्त ६० आहे. टॉर्क लांब स्ट्रोकला मिळतो ना? मग हे कसं?

वर्धारोड_रायडर:
लांब रॉड म्हणजे इंजिन स्मूथ. टाकून घे भाऊ.

हिंगणा_लेथ:
थांब बेटा, प्लेट घालायच्या आधी हे वाच. ३१ वर्षं बोअरिंग मशीनवर काढली आहेत, आणि लांब स्ट्रोक म्हणजे टॉर्क हे मी जवळपास रोज ऐकतो.

स्ट्रोक वाढला की क्रँकचा हात लांब होतो, हे खरं. पण सीसी तेवढेच ठेवायचे तर बोअर कमी करावा लागतो, म्हणजे दाब झेलणारी पिस्टनची जागा त्याच हिशेबानं घटते. हाती काही उरत नाही. सरासरी टॉर्क ठरतो सीसीवर आणि सिलिंडरमधल्या दाबावर. ती ड्यूक ३७३ सीसी, बोअर ८९. एवढ्या रुंद हेडमध्ये चार व्हॉल्व्ह ऐसपैस बसतात, कॉम्प्रेशनही जास्त. तिचा टॉर्क ३५ न्यूटन-मीटर, बुलेटपेक्षा जास्तच, पण तो सात हजार आरपीएमच्या आसपास मिळतो. बुलेट खालच्या आरपीएमला न गुदमरता ओढते ती जड फ्लायव्हील (क्रँकवरचं चाक) आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या टायमिंगमुळे.

५००० आरपीएमला ९० स्ट्रोकचा पिस्टन सेकंदाला सरासरी १५ मीटर पळतो. ६० वाला तेवढं पळायला ७५००वर जातो. ड्यूकची पॉवर अशा वरच्या आरपीएमची आहे.

आता रॉड. क्रँक वरून ९० अंश फिरवला की पिस्टन निम्म्यावर येईल असं वाटतं. एकदा हेड काढलेल्या बुलेटला अंशांची चकती लावून डेप्थ गेजनं मोजलं. ४५ मिमी यायला हवं होतं, पिस्टन पन्नाशी ओलांडून खाली गेला होता. रॉड तिरका होतो ना, म्हणून. हिशेब करून बघ: ९०च्या स्ट्रोकला १४४चा रॉड असेल तर ५२.२ मिमी, १८०चा असेल तर ५०.७. रॉड तब्बल ३६ मिमी वाढवला आणि पिस्टन सरकला दीड मिमी! तिरकेपणा मात्र १८ अंशांवरून साडेचौदावर येतो, पिस्टन बोअरच्या भिंतीला कमी रेटतो, स्कर्ट (पिस्टनचा खालचा भाग) कमी घासतो. वरच्या टोकाला रॉडवरची ओढही पाचेक टक्के उतरते. हे झिजेच्या कामाचं आहे, घाटात कळणार नाही.

शिवाय ही पुशरॉडची गाडी, म्हणजे खालच्या कॅमवरून लांब काड्या वरचे व्हॉल्व्ह उघडतात. बॅरल जितका उचलशील तितके पुशरॉड लांब करावे लागतील, ते मिस्त्रीनं सांगितलं का?

बिग एंड गेला कशानं ते आधी शोध. त्यात फ्लोटिंग बुश (क्रँकपिनवर मोकळी फिरणारी धातूची नळी) असतो, तो तेलावर जगतो. टायमिंग कव्हरमधलं तेलाच्या वाटेचं कॉर्क सील बघितलंस?

सक्करदरा_बुलेट:
काका, आत्ताच जाऊन बघितलं. एका बाजूनं दबून कडक झालंय, नख लावलं तर कण सुटून राहिले. रॉड मूळ मापाचाच टाका म्हणून सांगून आलो. बुशऐवजी रोलर बेअरिंग टाकू का?

हिंगणा_लेथ:
हेच कारण असणार. नवीन सील घे, ऑइल पंप खोलून बघ, क्रँकमधल्या तेलाच्या भोकांत काळा गाळ बसलेला असतो तो तार घालून, पेट्रोलनं धुऊन काढ. रोलरचं मग ठरवू. क्रँकपिनचं (रॉड जिच्यावर बसतो त्या पिनचं) माप मायक्रोमीटरनं दोन जागी घेऊन इथं टाक.