डॉपलर नॉर्मल असूनही हात सुजत असेल तर

डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेला मार्ग म्हणजे फिस्टुला, आणि त्यातला रक्तप्रवाह ध्वनिलहरींनी पाहणारी सोनोग्राफी म्हणजे डॉपलर. ‘फिस्टुलाचा डॉपलर नॉर्मल आला, म्हणजे हाताच्या सुजेचा फिस्टुलाशी संबंध नाही’ हा वरच्या एका प्रतिसादातला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. पहिली तपासणी डॉपलरचीच असावी, याबद्दल वाद नाही; तिच्यात कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत शिरा दिसाव्यात म्हणून टोचायचे द्रव्य) लागत नाही आणि फिस्टुलातून मिनिटाला साधारण 600 मिलिलिटर रक्त वाहते का, शीर 6 मिलिमीटरपर्यंत रुंद झाली आहे का, हे तिथेच मोजता येते. परंतु शीर कॉलरबोनच्या मागून छातीत शिरली की हाड आणि हवा भरलेले फुप्फुस ध्वनिलहरींच्या आड येतात, त्यामुळे तिथला अडथळा बहुधा थेट दिसत नाही.

फिस्टुला तयार होईपर्यंत मानेत किंवा कॉलरबोनखाली डायलिसिसचा कॅथेटर (शिरेत बसवलेली नळी) घातलेला असेल, तर नेमकी हीच मोठी शीर आतून अरुंद झालेली असू शकते, विशेषतः कॉलरबोनखालच्या कॅथेटरनंतर. म्हणून तो कोणत्या बाजूला होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे (जुन्या फाइलमध्ये ही नोंद अनेकदा सापडत नाही). संपूर्ण हात सुजलेला असेल आणि छातीवर वा खांद्यावर शिरांचे जाळे उठून दिसत असेल, तर कॉन्ट्रास्ट देऊन केलेला फिस्टुलोग्राम (फिस्टुला आणि पुढच्या शिरांची एक्स-रे तपासणी) हृदयापर्यंतचा मार्ग दाखवतो, आणि अडथळा सापडल्यास त्याच बैठकीत फुग्याने शीर रुंद करता येते. ज्यांना अजून थोडीफार लघवी होते, म्हणजे मूत्रपिंडांचे थोडे काम शिल्लक आहे आणि ते जपायचे आहे, त्यांनी मात्र कॉन्ट्रास्टच्या प्रमाणाविषयी आधीच विचारावे.